पाळणाघर, करारपत्र आणि गोल्फ

जुलै २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या समुद्रकाठच्या मैदानावर अमेरिकेची महिला ओपन स्पर्धा प्रथमच भरली. विजेतेपद अ‍ॅलिसेन कॉर्पझने पटकावले. पण एका जुन्या प्रश्नाला वाचा फोडली ती अन्य तिघींच्या उपस्थितीने. एमी ओल्सन सात महिन्यांची गर्भवती असताना खेळत होती. २०१४ ची विजेती मिशेल वी वेस्ट तीन वर्षांच्या मुलीची आई होती आणि या स्पर्धेने ती व्यावसायिक खेळाचा निरोप घेत होती. संसाराला वेळ देण्यासाठी २००८ मध्ये ऐन भरात निवृत्त झालेली अ‍ॅनिका सोरेनस्टॅम तेव्हा ५२ वर्षांची होती.

गोल्फ हा खरे तर आयांना अनुकूल खेळ म्हणावा लागेल. जिम्नॅस्टिक्समध्ये पंचविशी उलटली की वय झाले असे मानतात. येथे चाळिशीतही अजिंक्यपदे मिळतात. जुली इंकस्टरने आपल्या सात प्रमुख विजेतेपदांपैकी चार दोन मुलींच्या जन्मानंतर मिळवली, त्यातले शेवटचे ४२ व्या वर्षी. स्कॉटलंडच्या कॅट्रिओना मॅथ्यूची गोष्ट तर अद्भुत वाटावी अशी. दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर अवघ्या अकरा आठवड्यांनी, २००९ साली, तिने ब्रिटिश ओपन जिंकली. बॅग खांद्यावर घेऊन कॅडी म्हणून सोबत होता तो तिचा पती.

अडचण शरीरापेक्षा व्यवस्थेत अधिक आहे. व्यावसायिक गोल्फपटूला पगार नसतो. पहिल्या दोन फेऱ्यांनंतरच्या छाटणीत नाव गळाले की सहसा त्या आठवड्याची कमाई शून्य. प्रवास, निवास आणि कॅडीचा खर्च मात्र चुकत नाही. जागतिक क्रमवारी दोन वर्षांच्या कामगिरीवर ठरते, त्यामुळे वर्षभराची विश्रांती थेट क्रमांकाला भोवते. पुरस्कर्त्यांच्या करारात वर्षाला अमुक इतक्या स्पर्धा खेळण्याची अट असते. ती पुरी झाली नाही तर मानधन कापले जाते. बाळंतपण म्हणजे कसूर, असे करारात कोणी लिहीत नाही. हिशेब मात्र तसाच होतो.

२०१८ मध्ये स्टेसी ल्युईस आई होणार होती, तेव्हा केपीएमजी या तिच्या पुरस्कर्त्या कंपनीने स्पर्धांची संख्या भरली नाही तरी संपूर्ण रक्कम देण्याचे जाहीर केले. ही बातमी ठरावी, यातच परिस्थितीचे पुरेसे वर्णन येते. पुढच्याच वर्षी एलपीजीए या व्यावसायिक महिला गोल्फच्या संघटनेने प्रसूतिरजेचे नियम सैल केले. २०२० मध्ये ल्युईसने स्कॉटिश ओपन जिंकली.

त्याच संघटनेचे फिरते पाळणाघर १९९३ पासून स्पर्धांसोबत गावोगाव जाते. बक्षिसांच्या आकड्यांपुढे त्याची चर्चा क्वचितच होते. पण कित्येकींची कारकीर्द त्याच्या आधाराने टिकली असेल. सकाळच्या फेरीला मूल कोणाकडे सोपवायचे, हा प्रश्न पुरुष खेळाडूच्या वाट्याला सहसा येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये स्कॉटी शेफलरने, पत्नीला कळा सुरू झाल्यास मास्टर्स स्पर्धा अर्ध्यावर सोडून जाईन, असे सांगितले आणि त्याचे योग्य ते कौतुक झाले. तो ती स्पर्धा जिंकला, बाळ मे महिन्यात जन्मले. त्याच्यासाठी हा प्रश्न एका विमानप्रवासाचा होता.

अर्थात, प्रत्येकीला परतायचेच असते असे गृहीत धरणे हीदेखील सक्तीच. मेक्सिकोच्या लोरेना ओचोआने २०१० मध्ये, लग्नानंतर काही महिन्यांतच, जागतिक अग्रस्थानी असताना, २८ व्या वर्षी खेळ सोडला. तिला हळहळणाऱ्यांनी तिचा निर्णय मात्र तिच्याकडेच राहू द्यायला हवा होता.

आपल्याकडे वडोदऱ्याच्या राजवाड्याच्या आवारातही गोल्फचे मैदान आहे, पण हा खेळ अजून मूठभर घरांपुरताच. त्यातून वर आलेल्या बंगळूरच्या अदिती अशोकची बॅग रिओत वडिलांनी वाहिली, टोकियोत आईने. तेथे तिचे कांस्यपदक एका फटक्याने हुकले. मुलीच्या खेळासाठी आईवडिलांनी असे उभे राहणे आता आपल्याला परके वाटत नाही. सुनेची बॅग वाहणारे घर कोणाच्या पाहण्यात असल्यास आम्हाला जरूर कळवावे.