पदवी की ‘पदोबी’? : सूर्या बोनालीला न मिळालेले गुण

बेहालामध्ये खोली शोधत होते तेव्हाची गोष्ट. घरमालकांनी चहा पुढे ठेवला आणि विचारलं, “आपनार पदोबी?” मी ताठ बसून उत्तर दिलं, “एम.ए., समाजशास्त्र. आता पीएचडी करतेय.” नवरा-बायको एकमेकांकडे पाहून हसले. बंगालीत ‘पदवी’ म्हणजे आडनाव. मग मी आडनाव सांगितलं. त्यांना त्यातून काही उमगेना, तेव्हा थेटच विचारलं, ब्राह्मण का? ती खोली मला मिळाली नाही. आता तिथून तीन गल्ल्या सोडून राहते. “बंगालमध्ये जात नाही” हे वाक्य इथे आल्यापासून इतक्यांदा ऐकलंय की आता मी फक्त मान हलवते.

हा किस्सा मी मैत्रिणींना विनोद म्हणून सांगते. पण पदवी कमावली तरी पुढे ‘पदोबी’ विचारली जाते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. सूर्या बोनाली या फ्रेंच खेळाडूची कारकीर्द वाचताना मला हा चहाचा कप पुन्हा आठवला.

फिगर स्केटिंगशी माझा काय संबंध? हिंगोली जिल्ह्यातल्या मुलीचा बर्फाशी संबंध जत्रेतल्या बर्फगोळ्यापुरता. पण 2024 च्या मार्चमध्ये एका मित्राने व्हिडिओ पाठवला. अ‍ॅडम सियाओ हिम फा हा फ्रेंच खेळाडू माँट्रियलच्या विश्वअजिंक्यपद स्पर्धेत बर्फावर बॅकफ्लिप मारतो, म्हणजे हवेत मागच्या मागे कोलांटी घेतो. प्रेक्षागृह डोक्यावर घेतलं जातं. ही उडी तेव्हा नियमाने निषिद्ध होती. त्याचे दोन गुण कापले गेले, तरी त्याने कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने बंदीच उठवली. म्हटलं, ही उडी आधी कुणी मारली होती? शोधत शोधत सूर्यापर्यंत पोहोचले.

तिचं नाव आपलंच वाटतं, पण ती कृष्णवर्णीय फ्रेंच मुलगी. 1973 साली नीसमध्ये जन्मलेली, सुझान आणि जॉर्ज बोनाली या गोऱ्या दांपत्याने दत्तक घेतलेली. आधी जिम्नॅस्टिक्स, मग स्केटिंग. तिच्या सुरुवातीच्या काळात दिदिए गायागे या प्रशिक्षकाने वृत्तपत्रांना एक कहाणी पुरवली, की ती दूरच्या रेयुनियन बेटावर जन्मली. मुलगी फ्रान्सचीच होती. पण ‘बेटावरची मुलगी’ जास्त खपते. (आपल्यालाही व्यासपीठावर बोलावतात तेव्हा संशोधनाचा विषय कमी आणि कंदिलाखाली अभ्यास कसा केला हे जास्त विचारतात. माझ्या घरी वीज होती, हे सांगितलं की आयोजकांचा चेहरा पडतो.)

आता तिचे आकडे पाहा. 1989 ते 1997, सलग नऊ वर्षं फ्रान्सची राष्ट्रीय विजेती. 1991 ते 1995, सलग पाच वर्षं युरोपची विजेती. 1992 च्या अल्बरव्हिल हिवाळी ऑलिंपिकमध्ये सर्व खेळाडूंच्या वतीने शपथ घेतली तीही हिनेच. त्याच स्पर्धेत तिने हवेत चार गिरक्यांची उडी मारण्याचा प्रयत्न केला. गिरक्या पुऱ्या पडल्या नाहीत, पण तेव्हा बायकांमध्ये कुणी त्या वाटेला जात नव्हतं. आणि जगज्जेतेपद? 1993 रौप्य, 1994 रौप्य, 1995 रौप्य.

हे समजायला त्या काळची गुणपद्धत समजून घ्यावी लागते. प्रत्येक परीक्षक 6.0 पैकी दोन वेगळे गुण द्यायचा. पहिला ‘टेक्निकल मेरिट’चा: कोणत्या उड्या मारल्या, किती अवघड, उतरताना तोल गेला का. दुसरा ‘आर्टिस्टिक इम्प्रेशन’चा: सादरीकरण, लालित्य, एकूण छाप. यावरून प्रत्येक परीक्षकाची क्रमवारी ठरायची. पहिल्या गुणावर निदान वाद घालता येतो, उडी सगळ्यांना दिसलेली असते. दुसऱ्या गुणावर वाद कसा घालणार? सूर्याबद्दल वर्षानुवर्षं लिहिलं गेलं की ती ताकदवान आहे, कसरतपटू आहे. नजाकत मात्र नाही. या खेळात नजाकत म्हणजे बॅलेतली राजकन्या. तिचे दंड, मांड्या, केस, झगमगीत पोशाख, सगळं त्या साच्याबाहेरचं होतं.

1994, जपानमधलं चिबा. नऊ परीक्षकांपैकी पाच जपानच्या युका सातोच्या बाजूने, चार सूर्याच्या. एका मताने विजेतेपद गेलं. पदक वितरणाच्या वेळी सूर्या रौप्यपदकाच्या पायरीवर चढेना, बाजूला जमिनीवरच उभी राहिली. अधिकाऱ्याने समजावून तिला वर चढवलं. पदक गळ्यात पडलं आणि तिने ते काढून टाकलं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ती वीस वर्षांची होती. चारचौघांत रडणाऱ्या, ‘खिलाडूवृत्ती नसलेल्या’ मुलीचा तो फोटो तिच्या नऊ राष्ट्रीय विजेतेपदांपेक्षा जास्त फिरला.

इथे सोपा लेख लिहिता येईल: ती काळी होती म्हणून हरवली. मला तो लिहायचा नाही. मी दोघींचे व्हिडिओ पाहिले. सातो बर्फावर वाहत जाते, पात्याची धार वापरण्यावर तिची हुकूमत आहे, हे माझ्यासारख्या अडाणीलाही दिसतं. सूर्याच्या काही उड्या अपुऱ्या उतरतात. चार-पाचचा निकाल प्रामाणिकपणेही लागू शकतो. प्रश्न त्या एका मताचा नाही. सौंदर्याचं माप कुणाच्या अंगावर बेतलेलं आहे आणि ते बदलायचा अधिकार कुणाकडे आहे, हा आहे. माझं इंग्रजी अडखळतं, हेही खरंच आहे. पण ते ‘विचारांतली अस्पष्टता’ म्हणून नोंदवलं जातं तेव्हा उच्चाराचं रूपांतर गुणवत्तेत झालेलं असतं.

कुणीतरी म्हणेलच, मग डेबी थॉमस कशी जिंकली? बरोबर. अमेरिकेची ही कृष्णवर्णीय खेळाडू 1986 साली राष्ट्रीय विजेती आणि जगज्जेती झाली, 1988 ला ऑलिंपिक कांस्य मिळवलं, पुढे डॉक्टर झाली. एकाचं नाव घेऊन बाकीच्यांचं तोंड बंद करायची ही पद्धत आपल्याला नवी नाही. “बाबासाहेब शिकलेच ना?” हे वाक्य आरक्षणविरोधकांच्या तोंडून किती वेळा ऐकलंय!

आणि त्या दुसऱ्या गुणाच्या पावित्र्याचं काय झालं? 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेनंतर फ्रेंच परीक्षकाने सांगितलं की आपल्यावर दबाव होता. मतांच्या देवाणघेवाणीचा आरोप झाला, दुसऱ्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावं लागलं. त्या प्रकरणात त्या परीक्षकासोबत फ्रेंच संघटनेचे अध्यक्ष निलंबित झाले. अध्यक्ष होते तेच दिदिए गायागे, बेटाची कहाणी रचणारे. 6.0 ची पद्धत पुढे मोडीत निघाली. सूर्याला मात्र तोवर स्पर्धेतून बाहेर पडून चार वर्षं झाली होती.

आपल्याकडेही लेखी आणि तोंडी असे दोन गुण असतातच. 2016 साली जेएनयूमध्ये अब्दुल नाफे समितीने 2012 ते 2015 च्या प्रवेशांची आकडेवारी तपासली. लेखी आणि तोंडी परीक्षेतल्या गुणांच्या फरकाला सामाजिक गटानुसार एक ठरावीक कल दिसतो, त्यातून भेदभाव सूचित होतो, असं समितीने नोंदवलं आणि तोंडीचे गुण 30 वरून 15 वर आणायला सुचवलं. त्याच वर्षी यूजीसीची नियमावली आली, जिने लेखी परीक्षा पात्रतेपुरती ठेवून प्रवेशाचा निर्णय मुलाखतीवर सोपवला. म्हणजे समिती म्हणाली दुसरा गुण कमी करा, नियमाने पहिलाच जवळजवळ पुसला. विद्यार्थी लढले तेव्हा कुठे 2018 मध्ये लेखीला वजन परत मिळालं.

माझ्या प्रगती-सेमिनारमध्ये (विद्यापीठाचं नाव नको) क्षेत्रकार्यावर एकही प्रश्न आला नाही. शेऱ्यात एकच ओळ होती: ‘कामात पॉलिश हवं’. काय बदलायचं विचारलं, तर गाईड म्हणाले, “तू मनाला लावून घेऊ नकोस.” त्या रात्री मी नागानोचा व्हिडिओ तीनदा पाहिला.

नागानो, 1998. दोन वर्षांपूर्वी सूर्याच्या टाचेचा अकिलीस स्नायूबंध तुटला होता, शरीर साथ देत नव्हतं, पदक हातातून गेलं होतं. ही तिची शेवटची ऑलिंपिक. कार्यक्रमाच्या मध्येच तिने बॅकफ्लिप मारली आणि एका पायावर, एकाच पात्यावर उतरली. उडी बेकायदा, गुण कापले जाणार हे पक्कं ठाऊक. शेवटी दहावी आली. आज लोकांना त्या वर्षीची बाकीची क्रमवारी आठवत नसेल, पण ती उडी आठवते.

मला ती उडी आवडते, पण माझ्या कामाची नाही. सूर्या त्या दिवशी खेळातून बाहेर पडत होती, मला अजून आत राहायचंय. फेलोशिपच्या कागदावर गाईडची सही लागते. आईला आशा सेविकेचं मानधन वेळेवर मिळत नाही तेव्हा याच पैशांतून घरी पाठवते. चिबाची सूर्या मला जास्त जवळची वाटते, पायरीच्या बाजूला जमिनीवर उभी राहिलेली. पाठीवर हात ठेवून ‘वर चढ, सगळे बघतायत’ असं सांगणारे मलाही भेटलेत. ती चढली, मीही चढले असते.

सेमिनारनंतर मी विभागाला एक अर्ज दिला. मूल्यमापनाचे निकष लेखी द्यावेत आणि ‘पॉलिश’ हा शब्द त्यांपैकी कोणत्या निकषाखाली येतो ते कळवावं, एवढंच त्यात आहे. पोचपावतीवर शिक्का घेतलाय. या गुरुवारी पाच आठवडे होतील.