नाव घराण्याचं, परीक्षा तिऱ्हाइताची



शाळेत शिकवत होते तेव्हा सहामाहीच्या निबंधात एक वाक्य हमखास यायचं. "आज सर्वत्र सिमेंटची जंगले उभी राहिली आहेत." विषय 'माझे गाव' असो, 'पाणी हेच जीवन' असो की 'मी पक्षी झालो तर' असो, ही जंगलं कुठून तरी उगवायचीच. लिहिणारा मुलगा स्वतः काँक्रीटच्या वर्गखोलीत बसलेला, वर काँक्रीटचा स्लॅब, घरी जायला काँक्रीटचा पूल. पण मुलांना दोष कशाला द्यायचा? आपण मोठी माणसंही काँक्रीटबद्दल एक तर शिव्या घालतो, नाही तर काहीच बोलत नाही.

आज मी बोलणार आहे, आणि आधीच सांगून टाकते, त्यात माझा थोडा स्वार्थ आहे. माझ्या माहेरचा धंदाच काँक्रीटचा. आमच्या अण्णांनी १९७१ साली भुसावळजवळ एका भाड्याच्या जागेत सिमेंटच्या जाळ्या, गटारीवरचे ढापे आणि कुंपणाचे खांब करायला सुरुवात केली. पुढे दादाने ठोकळे सुरू केले. आता भाचा आणि भाचेसून राखेच्या विटा आणि पेव्हर ब्लॉक (आमच्याकडे ज्यांना गट्टू म्हणतात ते) करतात. फाटकावरच्या पाटीवर आता हिरव्या अक्षरांत 'पर्यावरणपूरक उत्पादने' असंही लिहिलं आहे. माहेरचं कौतुक कोणाला नसतं? पण या हिरव्या अक्षरांवरूनच मला काही म्हणायचं आहे.

आधी हे हिरवेपण म्हणजे काय ते बघू. सिमेंट होतं चुनखडीपासून. चुनखडी भट्टीत तापवली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना उरतो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर ४४ किलो वायू हवेत जातो, हातात उरतो ५६ किलो चुना. भट्टीच्या कोळशाचा धूर वेगळाच. म्हणजे भट्टी उद्या सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी हे ४४ किलो सुटत नाहीत, ते दगडाच्या पोटातच आहेत. जगभर माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे जातो, त्यातला मोठा वाटा याचाच.

यावरचा एक उपाय आमच्या दारातच आहे. दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो आणि पिठासारखी बारीक राख उरते. सिमेंटमध्ये पाणी घातल्यावर जो चुना मोकळा होतो, त्याच्याशी ही राख हळूहळू संयोग पावते आणि तीही घट्ट होऊन बसते. म्हणजे तितकं सिमेंट कमी लागतं. यात परकं काही नाही. आपल्या जुन्या वाड्यांच्या चुन्यात भाजलेल्या विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, घालत, तिचं काम हेच. सह्याद्रीत घाटघरला वीजप्रकल्पासाठी जी धरणं बांधली, ती रोलरने दाबलेल्या काँक्रीटची. त्या जातीची ती देशातली पहिली, आणि त्यांच्या मिश्रणात सिमेंटपेक्षा राख जास्त होती. १९९९ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून वीजकेंद्रांच्या ५० किलोमीटर परिसरात वीटभट्ट्यांना राख वापरणं बंधनकारक केलं, पुढे ते अंतरही वाढत गेलं. आणि गंमत म्हणजे "राखेचं नको बाई, पक्कं द्या" म्हणणारी मंडळी दुकानातून जे पीपीसीचं पोतं आणतात, त्यात नियमानेच १५ ते ३५ टक्के राख असते!

इथपर्यंत सगळं छान आहे. पण या राखेला एक स्वभाव आहे, आणि तो समजून न घेता ती वापरली तर घात होतो. ती सावकाश काम करते. नुसत्या सिमेंटचं काँक्रीट जी ताकद पहिल्या आठवड्यात दाखवतं, ती राखेच्या काँक्रीटला यायला जास्त दिवस लागतात. पुढे ते बरोबरी करतं, बऱ्याचदा मागेही टाकतं, शिवाय अधिक घट्ट होतं, पाणी कमी मुरू देतं. पण तोवर त्याला ओलावा हवा. आपल्या आयएस ४५६ या मानकात म्हटलं आहे की साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारा आणि राखमिश्रित असेल तर किमान १० दिवस. आता खानदेशातला मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा ४५ च्या आसपास आणि नळाला पाणी चार दिवसांआड. तिथे दहा दिवस गोणपाट ओलं ठेवायचं म्हणजे घरच्या आजाऱ्याची शुश्रूषा करण्यासारखं आहे. वर्गातही अशी मुलं असतातच. सावकाश शिकतात, पण पक्कं शिकतात. त्यांना पहिल्या चाचणीनंतरच सोडून दिलं तर नापास कोण, मूल की मास्तर?

शिवाय राख म्हणजे कुठलीही राख नव्हे. धुराड्याआधी यंत्राने धरलेली कोरडी, बारीक राख वेगळी आणि पाण्याबरोबर तळ्यात सोडलेली जाडीभरडी राख वेगळी. दिसायला दोन्ही करड्या. पण काँक्रीटमध्ये सिमेंटची जागा पहिली घेते, दुसरी नाही. म्हणून माझं मत असं की, ज्या मालाची परीक्षा झालेली नाही त्याला हिरवा म्हणूच नये. जी फरशी पाच वर्षांत फुटली आणि पुन्हा घालावी लागली, तिच्यासाठी चुनखडी दोनदा भाजली गेली. पहिल्या वेळी थोडं सिमेंट वाचवलं म्हणून काय मोठं पुण्य लागलं?

परीक्षा कशी होते तेही सांगते, कारण घर बांधणाऱ्या बहुतेकांना ती माहीत नसते. ओल्या काँक्रीटचे १५ सेंटिमीटर बाजूचे घन भरतात, त्यांना सगळे क्यूबच म्हणतात. ते पाण्यात ठेवून २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. एम २० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन. हिशेब केला तर एवढासा ठोकळा फुटण्याआधी जवळजवळ ४५ टन वजन तोलतो. म्हणजे नऊ-दहा हत्ती! लोखंड घातलेल्या काँक्रीटला एम २० ही किमान पायरी आहे. आता गवंडी म्हणतो, "माल घट्ट आहे, जरा पातळ कर रे," आणि पोरगा बादली ओततो. एम २० च्या ठोकळ प्रमाणाला मानकाने ५० किलोच्या पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितलं आहे. वरची एक बादली त्या दहा हत्तींतले किती पळवून नेते, हे डोळ्यांना दिसत नाही. यंत्रालाच दिसतं.

अण्णांच्या वेळी यंत्र नव्हतं. ते दोन ठोकळे एकमेकांवर आपटून आवाज ऐकायचे. टणक वाजला की पास. दादाचाही त्याच कानावर विश्वास. मी त्या कानाची टिंगल करणार नाही, त्याच्या भरवशावर आम्हां भावंडांची शिक्षणं झाली. पण एम ३० आणि एम ३५ यांतला फरक कानाला कळत नाही, कितीही तयार कान असला तरी.

आणि त्या फरकावरूनच दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात चार दिवस अबोला होता. शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेच्या पटांगणाचं काम होतं. पेव्हर ब्लॉकचं मानक आहे आयएस १५६५८. फक्त पायी वावर असेल तिथे एम ३० चालतं, हलकी वाहनं येणार असतील तर एम ३५ लागतं. या शाळेत मुलांच्या गाड्या आत येणार, त्यामुळे कागदावर एम ३५. ठेकेदाराने दर मात्र असा मागितला की त्यात एम ३५ बसतच नव्हतं. मार्गही त्यानेच सांगितला. "बिलावर एम ३५ लिहा, आत सिमेंट कमी करून राख वाढवा. उलट जास्त हिरवं होईल!"

भाचा नाही म्हणाला. काम दुसरीकडे गेलं. दादा चिडला. "तुला काम घालवायला काय जातं? दिवाळीला मजुरांच्या हातावर काय ठेवशील?" त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. तो महिना खरंच ओढग्रस्तीचा होता, आणि मजुरांची चूल पटांगणाच्या दर्जावर पेटत नाही. भाचा म्हणाला, "आजोबांचं नाव आहे पाटीवर." मग मला फोन. "आत्या, तुम्हीच सांगा आता बाबांना."

मी भाच्याच्या बाजूने बोलले. पण त्याचं कारण मला पटलं नव्हतं, आणि ते मी त्याला तेव्हाच सांगितलं. नाव हे कारण होऊ शकत नाही. नावामागे लपणारेही पुष्कळ असतात. खरं कारण एवढंच की बिलावर जो आकडा लिहायचा तो यंत्राने दाखवला पाहिजे, आणि त्या दरात तो दाखवला नसता.

कुणी म्हणेल, मग त्या पटांगणाचं पुढे काय झालं? फुटले का गट्टू? नाही हो, आजही चांगले दिसतात. एम ३५ चे आहेत की नाहीत, देव जाणे. कोणी तपासलेच नाहीत. दिसण्यावरून कळत नाही, हेच तर मी मघापासून सांगते आहे.

नावाची आणखी एक गोष्ट. बी. जी. शिर्के हे वाईजवळच्या पसरणीचे. १९४३ साली पुण्यातून इंजिनिअर होऊन बाहेर पडले आणि बांधकामात उतरले. स्वीडनमधलं सिपोरेक्सचं तंत्र त्यांनी पुण्यात आणलं. मिश्रणात ॲल्युमिनियमची भुकटी घालून बुडबुडे आणायचे, मग दाबाच्या वाफेत पक्की करायची, अशी ती हलकी वीट. २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठी माणसाने अभिमान बाळगावा असंच काम. पण झालं काय, की आज आपल्याकडे कोणाचीही हलकी वीट असो, लोक तिला सिपोरेक्सच म्हणतात. नाव इतकं मोठं झालं की विटेवर खरा शिक्का कोणाचा, ती कशात उतरली, हे विचारायचंच राहून गेलं. मोठ्या नावाचं असं होतं, मग आमच्यासारख्या तालुक्याच्या नावाची काय कथा!

दहावीचे पेपर आम्ही तपासायचो तेव्हा आपल्याच शाळेचे गठ्ठे आपल्याला मिळत नसत. मास्तर लबाड असतात म्हणून नव्हे, मास्तरांना माया असते म्हणून. घरच्या धंद्यातही मायाच नडते. आपल्या वाफ्यातली वीट आपल्याला चांगलीच वाटते. म्हणून मी भाचेसुनेला सांगितलं, क्यूब घरच्या यंत्रात फोडा, हरकत नाही, पण महिन्यातून काही गावातल्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत पाठवा. निकाल वहीत लिहा, कमी आलेले आधी. ती वही कार्यालयात टेबलावर ठेवा, कपाटात नको. आणि पाटीवर नुसतं 'पर्यावरणपूरक' लिहिण्यापेक्षा राख किती टक्के आणि २८ दिवसांची ताकद किती, हे दोन आकडे लिहा. तिने लगेच ऐकलं. ती स्थापत्यची पदविकाधारक आहे, तिला हे माझ्या आधीपासून पटलेलं होतं, फक्त घरातलं मोठं माणूस पाठीशी हवं होतं. आता ती त्या नव्या सिमेंटवर लक्ष ठेवून आहे, भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी घालून क्लिंकर निम्म्यावर आणणाऱ्या. त्याचं भारतीय मानक २०२३ मध्ये आलं आहे. "येऊ दे," मी म्हटलं, "पण वहीतून पास होऊन येऊ दे."

दादाचं काय, असं घरचे वाचणारे विचारतीलच. दादा वही वाचत नाही. पण परवा एक गिऱ्हाईक दर पाडून मागत होतं, तर दादाने वही त्याच्यापुढे सरकवली म्हणे. मला भाच्याने सांगितलं. मी दादाला काही विचारलेलं नाही.

तुम्हां वाचकांकडे मागणं एवढंच. तुमच्यापैकी कोणी ना कोणी दर वर्षी घर बांधतंच, नाही तर सोसायटीत फरशा बसवतं. रंग बघता, दर बघता, 'हिरवा माल' म्हटलं की बरंही वाटतं. त्याबरोबर एवढं विचारा, "क्यूबची वही दाखवा." दाखवली तर दोन पैसे जास्त द्या, कारण प्रामाणिक मालाला दोन पैसे जास्त लागतातच. दहा जणांनी विचारलं तर अकराव्यासाठी वही आपोआप तयार होईल. आणि विचारताना आमच्या माहेरची पाटी दिसली तरी संकोच करू नका. तिथे तर जरूर विचारा.