आठ दिवस म्हणजे आठ दिवस

तीस वर्षं मी दहावीच्या पोरांना विनंतीपत्र शिकवलं. उजव्या कोपऱ्यात तारीख, मग 'प्रति', मग 'विषय', मग 'महोदय', आणि शेवटी 'आपला विश्वासू'. भाषा नम्र हवी, मागणी एका वाक्यात हवी, कारण खरं वाटलं पाहिजे. या सूचना मी इतक्यांदा दिल्या आहेत की झोपेतून उठवलं तरी सांगेन. निवृत्तीनंतर तसलं एक पत्र स्वतःसाठी लिहायची वेळ आली. लिहिलं. चांगलं लिहिलं. बोर्डात पैकीच्या पैकी मिळाले असते.

ते पत्र मला नंतर दिसलं. दुकानाच्या गल्ल्याशेजारी, पालथं पडलेलं. त्याच्या कोऱ्या बाजूवर कुणीतरी बॉलपेननं हिशेब मांडला होता: टॉवेल 24, टोपी 24, फेटे 2. खाली बेरीज. बेरीज बरोबर होती, म्हणजे कागद वाया गेला म्हणता येणार नाही.

झालं असं. पुतणीचं लग्न मे महिन्यात होतं. बस्ता बांधायला आम्ही सतरा माणसं एका टेम्पोतून धाराशिवला गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही. कुणीही बस्ता बांधलेला माणूस ते दुकान ओळखेल, कारण तसं दुकान प्रत्येक पेठेत आहे. गादीवर बसवतात, चहा मागवतात, म्हाताऱ्या माणसाला टेकायला तक्क्या देतात, आणि पोरगा एकावर एक साड्या उलगडत राहतो. आहेराच्या साठ साड्या काढल्या, साडेआठशे रुपयाला एक. साठ लागतील की पन्नास, हे लग्नघरात कुणालाच ठाऊक नसतं. शेठ स्वतःच म्हणाले, "गुरुजी, जास्तच न्या. ऐन वेळी कमी पडली तर इज्जत जाते. उरल्या तर लग्नानंतर आठ दिवसांत आणून द्या, पैसे परत." मी शिक्षक, तोंडी उत्तराला मार्क देत नाही. बिलाच्या पाठीवर लिहून मागितलं. त्यांनी हसत लिहिलं: 'उरलेला माल 8 दिवस.' खाली सही.

(त्या बिलावर जिल्ह्याचं नाव अजून उस्मानाबादच छापलेलं आहे. 2023 मध्ये धाराशिव झालं, त्यालाही इतका काळ लोटला, पण जुनी बिलबुकं संपेपर्यंत शेठना मुदत आहे. असो.)

अकरा साड्या उरल्या. नऊ हजार तीनशे पन्नास रुपये. लग्नानंतर पाचव्या दिवशी आमची चुलती गेली. सुतक आलं. आता कुणी म्हणेल, तुम्ही घरात बसा, पण साड्या पाठवून द्यायच्या ना एखाद्याबरोबर. भाच्याला सुतक नव्हतं, तो तयारही होता. पण घरातून बायको म्हणाली, सुतकाच्या घरातून निघालेली साडी उद्या दुसऱ्याच्या लग्नात आहेर म्हणून जाणार, हे बरं नव्हे. म्हणजे बघा, आम्ही शेठच्या पुढच्या गिऱ्हाइकाचा विचार करत होतो. म्हणून सहाव्या दिवशी, मुदत संपायच्या आत, मी भाच्याच्या हाती ते सुप्रसिद्ध विनंतीपत्र पाठवलं: घरात दुःखद घटना घडल्याने आणखी पंधरा दिवसांची मुदत मिळावी, ही नम्र विनंती.

भाचा परत आला. "काय म्हणाले?"

"बघू म्हणले."

'बघू' हा मराठीतला सगळ्यात लबाड शब्द आहे. तो होकार नाही, नकारही नाही. पुढारी 'बघू' म्हणतो, तहसीलमधला बाबू 'बघू' म्हणतो, मुलीकडच्यांना नकार कळवायची लाज वाटते तेव्हा मुलाकडचे 'बघू' म्हणतात. आणि ऐकणारा प्रत्येक वेळी त्यात होकार ऐकतो, कारण तो नम्र असतो. मीही ऐकला.

तेरावं झालं. त्यानंतर दोन दिवसांनी पिशवी घेऊन दुकानात गेलो. मुदत वाढवून मागितली होती ती अजून सरली नव्हती. शेठनी बिल उलटं केलं, स्वतःचंच अक्षर वाचलं आणि म्हणाले, "गुरुजी, आठ दिवस म्हणजे आठ दिवस."

मी म्हणालो, "शेठ, पत्र दिलं होतं."

"पत्र मिळालं ना. पण सगळ्यांचीच काही ना काही अडचण असते. एकाला दिलं की रांग लागते."

गंमत म्हणजे नवरीचा शालू याच दुकानातून घेतला होता. फॉल-पिको करून सोमवारी देतो म्हणाले होते. मिळाला शुक्रवारी संध्याकाळी. शनिवारी हळद. त्या चार दिवसांत मी रोज फोन करत होतो आणि रोज मला 'गुरुजी, जरा समजून घ्या, सीझन आहे' असं ऐकवलं जात होतं. मी समजून घेतलं. माझ्याकडे विनंतीपत्रही कुणी पाठवलं नव्हतं. दुकानात पाटी आहे, 'आज रोख, उद्या उधार.' तीस वर्षं मी तिचा अर्थ चुकीचा लावत होतो. ती उधारीबद्दल नाहीच. ती सांगते की 'आज' गिऱ्हाइकाचा असतो आणि 'उद्या' दुकानदाराचा.

आता कायद्याचं बोलू, कारण मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बसलो होतो. खरं सांगायचं तर माझ्या साड्यांबाबत माझी बाजू लंगडी आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो की सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल. माझ्या साड्यांत दोष नव्हता. दोष चुलतीच्या मरणाच्या तारखेत होता. तेव्हा मी वकिली करत नाही. पण त्याच कायद्याचं एक कलम वाचून मी चष्मा पुसला. ग्राहकानं जिल्हा आयोगात तक्रार केली की दुकानदाराला उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात. जमलं नाही तर आयोग आणखी पंधरा दिवस देऊ शकतो. एकूण पंचेचाळीस. जुन्या कायद्यातही हीच मुदत होती. तेवढ्यावरही कंपन्यांचं भागत नव्हतं, म्हणून मामला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला आणि मार्च 2020 मध्ये निकाल लागला: पंचेचाळीसच्या पुढे एक दिवसही नाही. म्हणजे विकणाऱ्याची मुदतवाढ कायद्याच्या पुस्तकात छापलेली आहे, आणि ती कुठं थांबवायची हे ठरवायला पाच न्यायमूर्ती बसावे लागले. घेणाऱ्याची मुदतवाढ गल्ल्याशेजारी पालथी पडलेली असते.

आमचे आजोबा निरक्षर होते. बैल घ्यायचे तर बोली करून. बैलबाजारात बोलीला मोल होतं: बैल मारका निघाला, औताला बसला, खांदा टाकला, तर ठरल्या दिवसांत परत. एका साली आजोबांनी एका हेड्याकडून खिलारी गोऱ्हा घेतला, आठ दिवसांच्या बोलीवर. घरी आणला आणि पाऊस लागला. शेतात चिखल, औत धरायची सोय नाही, आणि औताला धरल्याशिवाय बैल कळत नाही. सातव्या दिवशी तो हेडी स्वतःच आमच्या वाड्यावर आला. बाजाराला जाता जाता वाकडी वाट करून आला होता. दाराशी उभा राहून म्हणाला, "आबा, रान वाहून चाललंय. वापसा येऊ द्या, मग धरा औत. आठ दिस तवापासनं मोजू." पाणी पिऊन गेला. अर्ज नाही, विषय नाही, महोदय नाही. हेड्यांच्या जातकुळीला गावात कुणी सज्जन म्हणत नसे, हेही नोंदवून ठेवतो. पण बैल पारखायला जो काळ लागतो तोच मुदतीचा काळ, एवढं त्याला कळत होतं.

वापसा येऊ द्या. हे तीन शब्द 2020 साली आमच्या जिल्ह्यात कुणीतरी म्हणायला हवे होते.

त्या वर्षी जूनमध्ये मराठवाडाभर सोयाबीनचं बी उगवलं नाही. माझ्या धाकट्या भावानं बॅगा फोडल्या, पेरल्या, आठवडाभर वाट पाहिली, आणि दुकानात गेला. दुकानदार म्हणाला खोल पेरलंस, पाऊस कमी होता, उरलेलं बी आण, बघू. पुन्हा बघू. पेरलेलं बी परत कसं आणायचं, जमिनीतून वेचून? दुबार पेरणी झाली. ते पीक ऑक्टोबरात काढणीला आलं आणि अतिवृष्टी झाली. गंजी पाण्यात तरंगल्या, उभ्या शेंगांना कोंब फुटले. त्या काळात मुख्यमंत्री आले, विरोधी पक्षनेते आले, शरद पवार आले. सगळ्यांनी बांधावर उभं राहून फोटो काढले. पंचनामे झाले. आणि पीक विम्याचं म्हणाल, तर नियम असा होता की नुकसान झाल्यापासून 72 तासांत कळवायचं. ॲपवर, टोल फ्री नंबरावर, नाहीतर बँकेत, कृषी कार्यालयात. लाइट गेलेली, मोबाइलला रेंज नाही, ओढ्याला पूर, रस्ता तुटलेला, आणि घड्याळ चालू. ज्याचं रान बुडालं त्यानं आधी जनावरं सोडायची की ॲप उघडायचं?

72 तासांत कळवलं नाही या कारणावरून या जिल्ह्यातल्या सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांना विमा नाकारला गेला. हप्ता घेताना कुणी घड्याळ दाखवलं नव्हतं. काही शेतकरी औरंगाबाद खंडपीठात गेले. मे 2022 मध्ये न्यायालयानं कंपनीला भरपाई द्यायला सांगितलं. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर 2022 मध्ये तिथं तिला 200 कोटी रुपये भरायला लावले. शेतकऱ्याला तीन दिवस, आणि त्या तीन दिवसांचा अर्थ लावायला दोन वर्षं. माझ्या नऊ हजारांची त्यांच्या पिकाशी बरोबरी करायला मी निघालेलो नाही. पण गल्ल्यामागचं ते वाक्य आणि विमा कंपनीचं वाक्य एकच आहे. आठ दिवस म्हणजे आठ दिवस. 72 तास म्हणजे 72 तास. आकडा ज्याच्या पेनानं लिहिला गेला त्याच्याच बाजूला तो उभा राहतो.

आणि हे शेतकरी नम्र विनंती करत बसले असते तर? निवेदनं दिली असती, निवेदन देतानाचा फोटो पेपरात आला असता, साहेबांनी 'बघू' म्हटलं असतं. आमच्या जिल्ह्यात निवेदनांची कमतरता कधीच नव्हती. त्यांनी याचिका केली. याचिका या शब्दात याचना आहे खरी, पण तिच्यावर उत्तर देणं समोरच्याला भाग असतं. मी तीस वर्षं शिकवलेल्या पत्रावर उत्तर देणं कुणालाच भाग नव्हतं. तक्रारपत्र हाही प्रकार अभ्यासक्रमात असायचा, पण मी पोरांना सांगायचो, विनंतीपत्र सोडवा, सोपं जातं, मार्क हमखास. त्यातली कित्येक पोरं आता शेती करतात. त्यातलं कोण कोण 72 तासांत अडकलं असेल, याचा हिशेब मी करत नाही. धीर होत नाही.

साड्या घरीच आहेत. तीन बारशाला गेल्या, एक मोलकरणीला दिवाळीत दिली. सात लोखंडी पेटीत, डांबराच्या गोळ्यांसकट.

परवा पेठेतून जात होतो. दुकानावर मोठा फ्लेक्स लावला होता. श्रावण सेल, फक्त 8 दिवस. त्या '8 दिवस'वर तिरपी पिवळी पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीवर लिहिलेलं: ग्राहकांच्या आग्रहास्तव मुदत वाढवली आहे. मी बराच वेळ उभा राहून वाचत होतो. आतून तोच पोरगा धावत आला, माझ्या हातातली भाजीची पिशवी घ्यायला लागला, म्हणाला, "गुरुजी, या की आत, चहा घ्या. घाई नाही, आता पंधरा ऑगस्टपर्यंत चालू आहे."