‘लिटल विमेन’: लेखिकेची टक्केवारी आणि मोलकरणीची मजुरी

लुइझा मे अल्कॉट यांच्या १८६८-६९ सालच्या कादंबरीवर ग्रेटा गर्विग यांनी २०१९ साली काढलेल्या ‘लिटल विमेन’ या अमेरिकन चित्रपटाविषयी पुरोगामी वर्तुळांत दोन मते ऐकू येतात. पांढरपेशा घरातील चार बहिणींच्या प्रेमविवाहांची ही कहाणी. कष्टकऱ्यांच्या चळवळीला तिच्याशी काय कर्तव्य, हे एक मत. स्त्रीमुक्तीचा हा परिपूर्ण आविष्कार होय, हे दुसरे. दोन्ही मते सारखीच उथळ आहेत.

पहिल्या मताच्या मंडळींनी चित्रपट डोळे उघडे ठेवून पाहिलेला नाही. त्याचा आरंभच एका सौद्याने होतो. जोसेफिन ऊर्फ ‘जो’ मार्च आपली कथा संपादकापुढे ठेवते. तो वीस डॉलर देऊ करतो आणि बजावतो की, नायिका अखेरीस विवाहित तरी हवी, नाही तर मृत. शेवटही सौद्यानेच होतो. नायिकेचे लग्न लावण्याचे कबूल करून ‘जो’ ६.६ टक्के रॉयल्टी पदरात पाडून घेते आणि ग्रंथाचा स्वामित्वहक्क स्वतःकडे राखते. मध्यंतरी तिची बहीण एमी सुनावते की, विवाह हा स्त्रीच्या दृष्टीने आर्थिक व्यवहार आहे, कारण पत्नीची कमाई पतीच्या मालकीची ठरते. वस्तुतः मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५५ सालीच विवाहितेला स्वतःच्या कमाईवर हक्क दिला होता. परंतु शिकवणी, शिवणकाम आणि घरकाम यांपलीकडे जिला उपजीविकेचे मार्ग जवळजवळ नव्हते, तिने हा हक्क बजावायचा कशावर? एमीचा कायदा चुकला असेल. तिचे अर्थशास्त्र चुकलेले नाही.

दुसऱ्या मताचा दोष अधिक गंभीर आहे. मार्च कुटुंब स्वतःला गरीब म्हणवते, तरी त्याच्या स्वयंपाकघरात हॅना राबते. तिला वेतन किती, हे चित्रपट विचारीत नाही. हमेल हे निर्धन स्थलांतरित कुटुंब मार्च भगिनींची नाताळची न्याहारी स्वीकारण्यापुरते आणि बेथला ज्वराची लागण होण्यापुरते येते. लेखिकेच्या टक्केवारीसाठी दशांशापर्यंत घासाघीस करणारा चित्रपट मोलकरणीच्या मजुरीविषयी मुका राहतो.

हे मौन अपरिहार्य नव्हते. अल्कॉट स्वतः १८५१ साली डेडहॅम येथे घरकामाला राहिल्या होत्या. सात आठवडे राबल्यावर त्यांच्या हाती चार डॉलर पडले. १८७३ सालच्या ‘वर्क’ या कादंबरीची नायिका मोलकरणीचे आणि शिवणकामाचे कष्ट उपसते. १८७४ साली तर त्यांनी स्वतःचा तो अनुभवही लिहून प्रसिद्ध केला. गर्विग यांनी अल्कॉट यांचे चरित्र ‘जो’च्या व्यक्तिरेखेत मिसळले, मात्र त्यातील लेखिका तेवढी उचलली, मोलकरीण वगळली. अमेरिकन चित्रपट अकादमीने सहा नामांकनांपैकी एकच पारितोषिक दिले, तेही वेशभूषेला! श्रमाचा प्रश्न पोशाखाआड झाकण्याची रीत जुनीच आहे.

हक्काची मागणी सुशिक्षित स्त्रीपासून सुरू होणे स्वाभाविक आहे. तिच्यापाशीच ती थांबणे, ही त्या मागणीशी प्रतारणा होय. म्हणूनच कार्यकर्त्यांनी हा चित्रपट टाळू नये. अभ्यासवर्गात तो अवश्य दाखवावा आणि ‘जो’च्या ६.६ टक्क्यांचे कौतुक करून झाले की विचारावे: हॅनाच्या हाती किती पडले?