अनत्ता म्हणजे स्वत्व गमावणे नव्हे : जामखेड आपल्याला काय सांगते?

६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक मुंबईत न होता जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी झाली. चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव. त्यांच्या जन्माला त्याच महिन्यात तीनशे वर्षे पूर्ण होत होती. त्याआधी २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव बदलून अहिल्यानगर झाले होते. एका कर्तबगार स्त्रीचे नाव जिल्ह्याला मिळाले याचे आम्ही स्वागतच करतो. पण नावाचा विषय निघालाच आहे, तर याच तालुक्यात माणसाचा ‘मी’ कसा पुसला जातो आणि कसा परत उभा राहतो, यावरही बोलले पाहिजे.

हा प्रश्न आज आपल्या तरुणांचा आहे. वसतिगृहात, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत, शहरातल्या नोकरीत अनेक जण एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगतात. ‘मी मी राहिलो नाही.’ ‘आरशात दिसतो तो कुणी दुसराच वाटतो.’ ‘आडनाव विचारले की बोलणारा मी वेगळा असतो आणि आतला वेगळा.’ धम्मवर्गात त्यावर कधी कधी पटकन उत्तर मिळते की, तथागतांनी अनत्ता सांगितला आहे, ‘मी’ मुळात नसतोच, मग हरवला म्हणून दुःख कशाला? हे उत्तर चुकीचे आहे, आणि मोडलेल्या माणसाला दिले तर ते निर्दयसुद्धा आहे. का, ते समजून घेण्यासाठी आपण चौंडीहून त्याच तालुक्यातल्या खर्ड्याला जाऊ.

खर्डा : साक्ष ‘मी’ पासून सुरू होते

खर्डा म्हटले की इतिहासाच्या पुस्तकात १७९५ ची मराठे आणि निजाम यांची लढाई येते. आपल्या चळवळीत त्या लढाईसोबत सिदनाक महाराचे नावही घेतले जाते. पण आमच्या पिढीला खर्डा आठवतो तो २८ एप्रिल २०१४ या तारखेमुळे. त्या दिवशी नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा जीव गेला. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला मारहाण करून ठार मारले आणि मृतदेह झाडाला लटकवला, असा आरोप होता. महाराष्ट्रभर मोर्चे निघाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने खटल्यातील आरोपींची निर्दोष मुक्तता केली. त्याआधी अनेक साक्षीदार फितूर झाले होते.

‘फितूर’ हा शब्द आपण रागाने वापरतो आणि राग येणे स्वाभाविक आहे. पण साक्ष म्हणजे काय, याचा थोडा विचार करू. ‘मी तिथे होतो. मी पाहिले. मी ऐकले.’ प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘मी’ आहे. गावात ज्याची मजुरी, किराणा, पाणी, मुलाची शाळा आणि रात्रीची झोप दुसऱ्याच्या मर्जीवर चालते, त्याला हा ‘मी’ भर न्यायालयात उच्चारणे किती महाग पडते, हे खेड्यातल्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा. तो माणूस ‘मला काही माहीत नाही’ म्हणतो, तेव्हा तो एक घटना नाकारतो आणि त्या घटनेजवळ उभ्या असलेल्या स्वतःलाही नाकारतो. खर्ड्याच्या खटल्यात कोण कोणत्या कारणाने फिरला, याचा निवाडा आम्ही इथे करणार नाही. पण अत्याचाराच्या खटल्यांत साक्ष का टिकत नाही, याचे उत्तर केवळ पैशात किंवा धमकीत शोधून भागत नाही. पिढ्यानपिढ्या ज्याला ‘तू कोण सांगणारा?’ असे विचारले गेले, त्याच्याकडून एका दिवसात ठाम ‘मी’ची अपेक्षा आपण करत असतो.

अनत्ता काय सांगतो

आता धम्माकडे येऊ. इसिपतनात पाच भिक्खूंना दिलेल्या दुसऱ्या उपदेशात तथागतांनी रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हे पाच स्कंध एकेक करून तपासले. यातला एकही कायम टिकणारा नाही, एकही आपल्या हुकमात नाही, म्हणून कशालाच ‘हा माझा आत्मा’ म्हणता येत नाही. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आत्म्यावरील विश्वासाला धम्मात जागा दिली नाही.

यात नाकारले आहे ते न बदलणारे, जन्माबरोबर चिकटलेले तत्त्व. विचार करणारा, काम करणारा, जबाबदारी घेणारा माणूस नाकारलेला नाही. उलट माणसाच्या आत जन्मतःच काही शुद्ध किंवा अशुद्ध ठाण मांडून बसले आहे आणि ते मरेपर्यंत बदलत नाही, असे सांगते ती जातिव्यवस्था. त्या अर्थाने जात हाच सर्वांत पक्का आत्मवाद आहे. अनत्ता त्याच्या मुळावर घाव घालतो. वासेट्ठ सुत्तात माणूस जन्माने नव्हे, कर्माने ठरतो, असे तथागत सांगतात, ते याच विचाराला धरून आहे.

म्हणून अनत्ता समजलेला माणूस मोकळा होतो, तर जातीने स्वत्व हिरावलेला माणूस आखडतो. एकाची पकड स्वतःहून सुटते, दुसऱ्याच्या हातातून हिसकावून घेतलेले असते. दोघेही ‘मी उरलो नाही’ असे म्हणू शकतात, पण म्हणून दोघांना एकच उपदेश लागू पडत नाही.

पटाचारेची कथा इथे आठवावी. नवरा, दोन मुले, आईवडील, भाऊ सगळे थोड्या अवधीत गेले आणि ती वेडीपिशी होऊन अंगावरच्या वस्त्राचेही भान न राहता श्रावस्तीत फिरत होती. लोक तिला हाकलत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले, बहीण म्हणून हाक मारली आणि भानावर यायला सांगितले. कुणीतरी तिच्या अंगावर वस्त्र टाकले. उपदेश त्यानंतर झाला. आधी वस्त्र आणि भान, मग धम्म. हा क्रम आपल्या धम्मवर्गांनी पक्का ध्यानात ठेवायला हवा.

जामखेडच्या आरोग्य कार्यकर्त्या

हरवलेला ‘मी’ परत कसा उभा राहतो, याचे उदाहरणही जामखेडमध्येच आहे. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य १९७० मध्ये इथे आले आणि त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. डॉक्टर खेड्यात टिकत नाहीत म्हणून त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवायचे ठरवले. त्यांत दलित बायका होत्या, अक्षरओळख नसलेल्या होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. बाळंतपण, जुलाब, लसीकरण, कुष्ठरोग, क्षयरोग असे सगळे त्या शिकल्या आणि आपापल्या गावात काम करू लागल्या. हातपंप दलित वस्तीत बसवले गेले, म्हणजे पाण्यासाठी सवर्णांना तिथे यावे लागले. आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक जामखेड पाहायला येऊ लागले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. २००८ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने या कार्यकर्त्यांवर मोठा लेख छापला होता. त्यात एका दलित कार्यकर्तीने, आपण पूर्वी आत्मा नसलेल्या दगडासारख्या होतो आणि या कामात आल्यावर माणूस झालो, अशा आशयाचे सांगितले होते. आपण आत्मा मानत नाही. तरीही या बाईंचे म्हणणे आपल्याला लगेच कळते. त्यांना अमर आत्मा मिळाला नव्हता. हाताला कौशल्य मिळाले, चार जणींची संगत मिळाली, आणि ज्या घरांनी उंबऱ्याबाहेर उभे केले त्याच घरांतून अडलेल्या बाळंतिणीसाठी बोलावणे येऊ लागले. माणसाचा ‘मी’ असा अनेक कारणांनी घडतो. प्रतीत्यसमुत्पाद म्हणतो तो हेच. कारणे काढून घेतली की तो ढासळतो, कारणे पुरवली की पुन्हा उभा राहतो.

हे काम आपले आहे

यातून चार कामे निघतात.

पहिले, ‘मी मी राहिलो नाही’ असे म्हणणाऱ्या तरुणाला आधी नीट ऐकून घ्या. स्वतःकडे बाहेरून पाहत असल्यासारखे वाटणे, आजूबाजूचे जग पडद्यावरचे वाटणे, ही अवस्था मनोविकारशास्त्राला माहीत आहे. मोठा आघात, ताण किंवा जागरणानंतर ती येऊ शकते, बऱ्याचदा ओसरते, आणि टिकून राहिली तर तिच्यावर उपचार असतात. हे वेड नाही आणि ध्यानातली प्रगतीही नाही. अशा वेळी दहा दिवसांच्या मौन शिबिराला पाठवण्याआधी डॉक्टरांना विचारा. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. तो विहाराच्या फलकावर लिहून ठेवा. जीव द्यावासा वाटतो असे कुणी म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नका.

दुसरे, साक्षीदाराला एकटे पाडू नका. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे कलम १५अ लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नेही राज्यांवर अशी योजना करण्याची जबाबदारी टाकली आहे. साक्षीदाराच्या वतीने अर्ज करणे, तारखेला त्याच्याबरोबर जाणे, त्याची बुडालेली मजुरी भरून काढणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. मोर्चा एक दिवसाचा असतो, खटला काही वर्षांचा.

तिसरे, वस्तीतल्या प्रत्येक मुलामुलीच्या हाताला असे काही द्या, ज्यासाठी गावाला त्यांच्याकडे यावे लागेल. जामखेडच्या बायकांना ते आरोग्याच्या कामातून मिळाले. कायदा, संगणक, हिशेब, शेतीची यंत्रे, काहीही चालेल.

चौथे, धम्मवर्गात अनत्ता शिकवताना त्याच बैठकीत स्वाभिमानही शिकवा. शेवटच्या काळात तथागतांनी आनंदाला दुसऱ्याचा आसरा न शोधता स्वतःच्या आणि धम्माच्या आधाराने राहायला सांगितले होते. अनत्ता सांगणाऱ्या शास्त्यानेच हे सांगितले, आणि त्यात विरोध नाही. जो बदलू शकतो, तोच स्वतःचा आधार होऊ शकतो.

जिल्ह्याचे नाव मंत्रालयातून बदलता येते. खर्ड्यासारख्या गावात उद्या कुणी ‘मी पाहिले’ म्हणून न्यायालयात उभा राहील आणि तसाच उभा टिकेल, यासाठी मात्र वस्तीत, विहारात आणि तारखेच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात आपण हजर असावे लागेल.

जय भीम. नमो बुद्धाय.