डबल मोटरवाली बीई 6 आली तर समृद्धीवर नेमकं काय बदलेल?

गेल्या आठवड्यात मेहकरहून मावसभावाचा मेसेज आला. "दादा, महिंद्राची बीई 6 घ्यायची होती, पण डबल मोटरवाली येऊन राहिली म्हणतात. थांबू का?" सोबत तीन रील्स. तिन्हींत एकच गोष्ट: पॉवर वाढणार, गाडी रॉकेट होणार.

भाऊ धंद्यासाठी महिन्यातून तीन-चार वेळा समृद्धीने नागपूरला जातो. पैसे काकांनी अनेक वर्षं जमवलेले आहेत. म्हणून उत्तर एका ओळीत न देता इथे सविस्तर देतोय. थांबणारा तो काही एकटाच नाही.

अंदाज येतो कुठून?

बीई 6 ही खरी स्पोर्ट्स कार नाही, स्पोर्टी इलेक्ट्रिक एसयूव्ही आहे. पण आपल्या चाकणमध्ये बनणाऱ्या गाड्यांत त्या स्वभावाच्या जवळ जाणारी आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये ती आली तेव्हा एकच मोटर होती, मागच्या चाकांवर. 79 किलोवॉट-अवर बॅटरीच्या मॉडेलमध्ये या मोटरची ताकद 210 किलोवॉट, म्हणजे 286 पीएस.

डबल मोटरची चर्चा हवेतून आलेली नाही. ऑगस्ट 2022 मध्ये कंपनीने इंग्लंडमध्ये इंग्लो प्लॅटफॉर्म दाखवला, तेव्हाच पुढच्या चाकांवर दुसरी मोटर बसवायची सोय सांगितली होती. तेव्हाचे आकडे: एका मोटरवर 170 ते 210 किलोवॉट, दोन मोटरवर 250 ते 290. आमच्या भाषेत सांगायचं तर फीचर कोडमध्ये आधीच आहे, फक्त ऑन करायचं बाकी.

मग 290 किलोवॉटचा उपयोग किती?

समृद्धीवर कारला वेगमर्यादा ताशी 120 किमी आहे. सपाट रस्त्यावर या आकाराची गाडी 120 ने चालत ठेवायला लागते किती पॉवर? हवेचा आणि टायरचा विरोध धरून माझ्या ढोबळ हिशेबाने 25 ते 30 किलोवॉट. म्हणजे आजच्या मोटरमध्येच सात-आठ पट ताकद शिल्लक आहे. दुसऱ्या मोटरने 0 ते 100 चा एखादा सेकंद वाचेल. रीलसाठी तो सेकंद लाखमोलाचा, पण मेहकर ते नागपूर प्रवासात शून्य.

उलट बाजू बघा. दुसरी मोटर म्हणजे जास्त वजन आणि थोडी कमी रेंज. हा तोटा कमी करायला काही कंपन्या पुढे इंडक्शन मोटर लावतात, कारण गरज नसताना ती बंद ठेवली तर चाकांना फारशी अडवत नाही.

फायदे नाहीत असं नाही. पावसात, चिखलात पकड सुधारते. ब्रेक मारताना वजन पुढे झुकतं, त्यामुळे पुढच्या मोटरने बॅटरीत जास्त ऊर्जा परत घेता येते. पण रील्समध्ये यावर कोणी बोलत नाही.

मी कोणत्या बदलांची वाट बघीन?

पहिला, रेंज. कागदावर 682 किमी. मुंबई-नागपूर समृद्धी 701 किमी, त्यामुळे वाटतं की जवळपास एका चार्जमध्ये होऊन जाईल. तसं होत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: 90 ऐवजी 120 ने गेलात तर तो पावणेदोन पटीहून जास्त. वरच्याच हिशेबाने सलग 120 वर 79 ची बॅटरी साडेतीनशे किमीच्या आसपास रिकामी होईल.

दुसरा, चार्जिंग. 175 किलोवॉटच्या चार्जरवर 20 ते 80 टक्के 20 मिनिटांत, हा कंपनीचा दावा. पण वाटेत 60 चा चार्जर मिळाला तर तेवढ्यालाच पाऊण तासाहून जास्त. त्यामुळे इथे गाडीच्या अपडेटपेक्षा रस्त्याचं अपडेट महत्त्वाचं.

तिसरा, ब्रेक, टायर आणि कूलिंग. मे महिन्यात खामगाव-मलकापूरकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो, खाली तापलेलं काँक्रीट. हवा कमी असलेला टायर वेगात सारखा दबतो, आतून तापतो आणि फुटतो. त्यात 120 ऐवजी 160 ने गेलात, तर थांबवायची ऊर्जा 78 टक्क्यांनी वाढते. दुसरी मोटर टायरची पकड वाढवत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. 1 जुलै 2023 च्या पहाटे आपल्याच सिंदखेडराजा तालुक्यात, पिंपळखुट्याजवळ, नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि 25 जण गेले. ती बस होती, कार नाही, आणि कारणंही वेगळी. पण त्या जागेवरून जाताना आजही माझा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला जातो. सरळ, रिकामा रस्ता आपल्याला वेग कळूच देत नाही.

भावाला काय सांगितलं?

फक्त डबल मोटरसाठी थांबू नको. गरज आता असेल तर आधी बघ: घरी चार्जर बसतो का, नागपूरच्या वाटेवर चार्जर किती किलोवॉटचे आहेत, आणि काकांना मागच्या सीटवर बसवून टेस्ट ड्राइव्ह घे. थांबायचंच असेल तर लाँचच्या दिवशी पीएसचा आकडा सोडून चार आकडे वाच: वजन, रेंज, चार्जिंगचा वेग आणि टायरचा साइज.

त्याचं उत्तर आलं, "म्हणजे दादा, आधी टायरची हवा चेक करू?"

हो. त्याला अपडेटची वाट बघावी लागत नाही.