सही कोणाची?

छातीच्या फोटोत क्षयाची खूण दिसते की नाही, हे आता संगणक काही सेकंदांत सांगतो. हातात मावणारे एक्स-रे यंत्र आणि एक लॅपटॉप एवढ्या सामग्रीवर ग्रामपंचायतीच्या ओसरीत शिबिर भरवता येते. 15 वर्षे आणि त्यावरील वयाच्या व्यक्तींची क्षयासाठी प्राथमिक चाळणी करताना डॉक्टरच्या वाचनाऐवजी संगणकाचे वाचन चालेल, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्येच सांगितले होते. 7 डिसेंबर 2024 रोजी केंद्र सरकारने 347 जिल्ह्यांत शंभर दिवसांची क्षयमुक्ती मोहीम सुरू केली, तेव्हा या यंत्रजोडीवर मोठी भिस्त होती. अशी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आघाडीच्या कंपन्यांपैकी एक मुंबईत जन्मली. थुंकीतला जंतू शोधणारे ‘ट्रूनॅट’ यंत्र गोव्यातील कंपनीचे. कौतुक करायला हात आखडता घेण्याचे कारण नाही.

या चाळणीची गरजही खरी आहे. 2019 ते 2021 या काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशभर क्षयाचे सर्वेक्षण झाले. त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ 43 टक्के केवळ छातीच्या फोटोमुळे हाती लागले. फक्त ‘खोकला आहे का, ताप येतो का’ एवढे विचारून थांबले असते, तर हे सारे सुटले असते. फोटो काढणे त्यामुळे अटळ. आणि इतके फोटो वाचायला तालुक्याच्या गावात रेडिओलॉजिस्ट आणायचा कुठून? यंत्राने ही अडचण दूर केली. एका माणसाला मात्र त्याने प्रक्रियेतून अलगद बाहेर काढले. अहवालाखाली सही करणारा, चुकले तर ज्याला जाब विचारता येतो, असा तो माणूस.

या सॉफ्टवेअरचे काम कसे चालते ते पाहिले की प्रश्नाचे गांभीर्य कळते. ते ‘क्षय आहे’ किंवा ‘नाही’ असे म्हणत नाही. ते एक गुणांक देते. कोणत्या आकड्याच्या वरच्या माणसाला ‘संशयित’ म्हणून थुंकी तपासायला पाठवायचे, ती रेषा माणसानेच ठरवायची असते. रेषा खाली ओढली तर रुग्ण कमी सुटतात, पण निरोगी माणसेही मोठ्या संख्येने पुढच्या तपासणीला जातात आणि त्या महागड्या चाचण्यांचा खर्च वाढतो. रेषा वर नेली तर खर्च वाचतो आणि काही रुग्ण ‘ठीक आहे’ असा शेरा घेऊन घरी जातात, खोकत राहतात. ही रेषा स्थानिक परिस्थिती पाहून ठरवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. दगडखाणीत राबणाऱ्याच्या फुप्फुसातली सिलिकोसिसची जाळी, पूर्वी होऊन बरा झालेल्या क्षयाचे व्रण, हे सारे यंत्राला चकवू शकते. म्हणजे खाणकामगारांच्या वस्तीत एक रेषा लागेल आणि शहरातल्या महाविद्यालयात दुसरी. आपल्या जिल्ह्यात ती कोणी, कशाच्या आधारे आखली, हे शिबिरात रांगेत उभ्या असलेल्या कोणाला माहीत असते? किती जणांना चुकलेले चालेल, हा नैतिक निर्णय आहे. तो सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये दडवून ठेवता येणार नाही.

समजा चूक झाली. क्षय असलेल्या ऊसतोड मजुराला यंत्राने निरोगी ठरवले, चार महिन्यांनी तो रक्त ओकत दवाखान्यात आला, आणि तोवर घरातल्या लेकरालाही लागण झाली. दाद कोणाकडे मागायची? सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच निकालाने सर्वांना पूर्णपणे मोफत मिळणारी सेवा त्या कक्षेबाहेर ठेवली, हे फारसे कोणी सांगत नाही. ज्याने पैसे मोजले त्याला ग्राहक आयोग आहे. शिबिरातल्या मजुराला दिवाणी खटल्याची दीर्घ वाट. शिवाय सरकार म्हणणार सॉफ्टवेअर कंपनीचे, कंपनी म्हणणार आम्ही केवळ मदत करतो, अंतिम निर्णय डॉक्टरचा. आणि डॉक्टर तर तिथे नव्हताच. संशोधन परिषदेने 2023 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात उत्तरदायित्व आहे, मानवी देखरेख आहे, रुग्णाच्या खासगीपणाचा विचारही आहे. पण ती तत्त्वे आहेत, कायदा नव्हे. ज्या गरिबांच्या फोटोंवर ही सॉफ्टवेअर घडतात आणि मग विकली जातात, त्यांची परवानगी हा तर वेगळ्या अग्रलेखाचा विषय.

आता नोकऱ्यांकडे येऊ. रेडिओलॉजिस्ट तयार करणे आता थांबवा, पाच वर्षांत संगणक त्यांच्या पुढे जाईल, असे संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी 2016 मध्ये सांगून टाकले होते. पुढे त्यांना नोबेल मिळाले, भाकीत मात्र फसले. आपल्याकडे पदव्युत्तर प्रवेशात वरच्या क्रमांकाचे विद्यार्थी आजही रेडिओलॉजीकडेच धावतात. त्यांची चिंता करण्याचे कारण नाही. चिंता आहे ती यंत्र हातात धरून गावोगाव फिरणाऱ्या तंत्रज्ञाची. त्याला किरणोत्साराची मात्रा मोजणारा बॅज मिळतो का, तो वेळेवर तपासला जातो का, शिशाचा ॲप्रन आहे का? आणि संशयितांची यादी निघाल्यावर दारोदार जाऊन ‘चला, थुंकी द्यायला’ म्हणणारी आशाताई, औषधे सहा महिने चालू ठेवायला लावणारा क्षयरोग कर्मचारी, यांचे काय? यंत्राने जास्त रुग्ण शोधले की यांचे काम वाढते. त्यात 2023-24 मध्ये क्षयाच्या औषधांचाच तुटवडा पडला, तेव्हा रुग्णांची बोलणी यांनीच खाल्ली. 2025 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी कायम करण्याच्या मागणीसाठी राज्यात संपावर गेले. यंत्रखरेदीच्या फाइली सरकतात आणि यांच्या सेवेची फाइल टेबलावर पडून राहते, हा क्रम आम्हाला मान्य नाही.

मुंबईसारख्या शहराला तर हे सांगावे लागू नये. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे भयावह रूप हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2011 च्या अखेरीस जगापुढे मांडले. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात तर रुग्णसेवा करताना कर्मचारीच क्षयाने गेले. रोग शोधण्याचे यंत्र कितीही हुशार असो, शोधलेल्या रुग्णाला सांभाळणारा माणूस लागतो आणि त्यालाही जगायचे असते.

राज्य सरकारने तीन गोष्टी कराव्यात, आणि त्या पुढच्या शिबिराआधी कराव्यात. यंत्राने दिलेल्या प्रत्येक अहवालाची जबाबदारी एका नोंदणीकृत डॉक्टरवर टाकावी. तो दूर बसून पाहील, रोज ठरावीक फोटो स्वतः पडताळेल, पण अहवालाखाली त्याचे नाव असेल. दुसरे, प्रत्येक जिल्ह्यात संशयाची रेषा कोणत्या आकड्यावर ठेवली आणि त्यातून किती रुग्ण सुटले, किती निरोगी माणसांना विनाकारण फेऱ्या माराव्या लागल्या, हे दरवर्षी जाहीर करावे. तिसरी गोष्ट पैशांची आहे: या तंत्रज्ञानासाठी निविदा काढताना तंत्रज्ञ आणि क्षयरोग कर्मचाऱ्यांच्या कायम पदांची तरतूद त्याच अंदाजपत्रकात दाखवावी. ती दाखवता येत नसेल, तर यंत्रांची खरेदी पुढे ढकलावी.